बीपी १०४ असताना बीपीच्या गोळ्या कशाला?

कराडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं :

"आमचे अण्णा ६६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. बारा वर्षांपासून बीपी. रामिप्रिल आणि ॲम्लोडिपिन चालू होत्या, पण बरं वाटलं की सोडून द्यायचे. दिवाळीनंतर जिना चढताना धाप लागायला लागली, पाय सुजले, रात्री झोपेतून उठून खिडकीशी बसायचे. टू-डी इकोत पंपिंग ३० टक्के निघालं. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही. सहा दिवसांनी घरी सोडलं तेव्हा जुन्या दोन्ही गोळ्या बंद करून पाच नव्या लिहून दिल्या : सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन ५० सकाळ-संध्याकाळ, मेटोप्रोलॉल २५, स्पायरोनोलॅक्टोन २५, डापाग्लिफ्लोझिन १० आणि टॉर्सेमाइड १०. आता बीपी १०४/६६ येतं. अण्णा म्हणतात, बीपी तर उतरलं, मग एवढ्या गोळ्या कशाला? साखर कधी नव्हती, मग साखरेची गोळी का? शेजारी सांगतात, याने किडनी जाते. म्हणून अधूनमधून गोळ्या चुकवतात. गुडघा दुखला की मेडिकलमधून गोळी आणतात. पुढच्या महिन्यात सोलापूरला भाच्याचं लग्न आहे. बसमध्ये पंचाईत नको म्हणून त्या दिवशी लघवीची गोळी घेणार नाही म्हणतात. काय सांगू त्यांना?"

ताई, अण्णांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर त्यांना कुणी दिलेलं दिसत नाही. ते उत्तर मिळालं की गोळ्या चुकवणं बरंचसं थांबेल.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. कागदावर 'हार्ट फेल्युअर' लिहिलेलं असतं आणि घरी त्याचं 'हार्ट फेल' होतं. हृदय बंद पडलेलं नाही, पंप अशक्त झाला आहे. आणि पंपिंग ३० टक्के म्हणजे शंभरातले तीस मार्क नव्हेत. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. तेव्हा अण्णांचं हृदय नेहमीच्या निम्म्याच्या आसपास काम करतं आहे. ही गंभीर गोष्ट आहे, पण इथून वर येता येतं.

इथवर कसं आलं? बीपी जास्त असतं तेव्हा हृदयाला प्रत्येक ठोका चढावर मारावा लागतो. दिवसाला लाखभर ठोके, असं बारा वर्षं. आधी हृदयाची भिंत जाड होते, मग ताठ होते आणि शेवटी थकून पसरते. या काळात माणसाला काहीच जाणवत नाही, म्हणून 'बरं वाटलं की सोडायचं' हे घडतं.

आता महत्त्वाचा भाग. पंप अशक्त झाला की किडनीकडे रक्त कमी जातं. किडनीला हृदयाचं दुखणं कळत नाही. तिला वाटतं, अंगातलं पाणी आटलंय किंवा रक्त वाहून गेलंय. म्हणून ती रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. पाठोपाठ अल्डोस्टेरॉन येतं, ते मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवतं. जोडीला ॲड्रेनालिनची पराणी हृदयाला टोचत राहते. थकलेल्या बैलाच्या गाडीत माल वाढवायचा, रस्ता अरुंद करायचा आणि वर पराणी टोचायची, असा तो प्रकार. पायाची सूज, रात्रीची धाप, सगळं यातूनच येतं आणि हृदय आणखी पसरत जातं.

अण्णांच्या गोळ्या हे चक्र तोडण्यासाठी आहेत. त्यातल्या बऱ्याचशा गोळ्या बीपीसाठीही वापरतात म्हणून त्यांना 'बीपीची गोळी' हे नाव चिकटलंय. उच्च रक्तदाबाच्या पेशंटमध्ये आकडा हे उद्दिष्ट असतं, इथे तसं नाही. इथे हृदयाला सोसेल तेवढा पूर्ण डोस गाठणं हे उद्दिष्ट असतं, आणि बीपी फक्त तो डोस झेपतोय का हे सांगतं. म्हणून १०४/६६ पाहून डॉक्टर घाबरत नाहीत. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत नसेल, लघवी नीट होत असेल, तर या आजारात हे बीपी चालतं.

एकेक गोळी बघू.

सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन ही एकात दोन औषधं आहेत. व्हॅलसार्टन अँजिओटेन्सिनला रक्तवाहिनीवर बसू देत नाही. सॅक्युबिट्रिलचं काम वेगळं आहे : हृदय ताणलं गेलं की ते स्वतःच मीठ बाहेर टाकणारी, रक्तवाहिन्या सैल करणारी संप्रेरकं बनवतं, आणि ती मोडणाऱ्या एन्झाइमला सॅक्युबिट्रिल अडवतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, तोवर उत्तम मानल्या गेलेल्या एनालाप्रिलशी तुलना केली, तेव्हा हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण या गोळीने पाचव्या हिश्श्याने कमी झालं. ५० ही सुरुवातीची मात्रा आहे. सोसली तर साधारण दोन ते चार आठवड्यांनी १०० आणि मग २००, दिवसातून दोनदा. तेव्हा पुढच्या भेटीत डोस वाढवला तर 'आजार वाढला' असं समजू नका. आणखी एक, पुढे कुणी बीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी सांगितली तर या गोळीमुळे तिचा आकडा फसवा येऊ शकतो. एनटी-प्रो-बीएनपी करून घ्यावी.

इथे ताई, एक काम आजच करा. घरातला औषधांचा डबा उपडा करा आणि रामिप्रिलची उरलेली पाकिटं शोधून काढून टाका. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली कुठलीही गोळी सॅक्युबिट्रिलबरोबर घ्यायची नाही. दोन्हींमध्ये किमान ३६ तासांचं अंतर लागतं. दोन्ही मिळून ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ अंगात साठतो आणि ओठ, जीभ, घसा सुजून श्वास कोंडू शकतो. अण्णांसारखी माणसं 'आज बीपी जास्त वाटतंय' म्हणून जुन्या पाकिटातली एखादी गोळी टाकतात. नेमका तिथे धोका आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही 'सार्टन' मंडळीही वेगळी घ्यायची नाहीत, कारण व्हॅलसार्टन आधीच पोटात जातंय. ॲम्लोडिपिन बंद केली ते ठीकच. तिने हृदयाला अपाय होत नाही, पण बळही मिळत नाही, आणि तिच्यामुळे येणारी पायाची सूज आजाराच्या सुजेत मिसळून गोंधळ करते. उद्या दुसऱ्या कुणा डॉक्टरांनी बीपी किंवा नाडीसाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापॅमिल लिहिलं, तर मात्र 'पंपिंग ३० आहे' हे त्यांना सांगा. या दोन गोळ्या अशक्त हृदयाचा जोर आणखी कमी करतात.

मेटोप्रोलॉल ती पराणी काढून घेतं. नाडी सावकाश होते, हृदयाला भरायला आणि विसावायला वेळ मिळतो. एके काळी हार्ट फेल्युअरमध्ये हे औषध देणं चूक मानलं जायचं. १९९९ साली मेटोप्रोलॉल आणि बिसोप्रोलॉलच्या चाचण्यांत मृत्यूंचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी झालेलं दिसलं आणि समज बदलला. पहिले दोन-तीन आठवडे अंग जड वाटतं, थकवा येतो. तो पुढे ओसरतो. ही गोळी एकदम बंद करायची नाही. दबलेला ॲड्रेनालिनचा जोर उसळून वर येतो, छाती धडधडते, बीपी चढतं. पाकिटावर नाव नीट वाचा : 'मेटोप्रोलॉल सक्सिनेट' हवं, दिवसभर हळूहळू सुटणारं. 'टार्ट्रेट' हे वेगळं रूप आहे, ते या आजारासाठी सिद्ध झालेलं नाही. 'हेच आहे, कंपनी वेगळी' म्हणून मेडिकलवाल्याने बदलून दिलं तर हा एक शब्द ताडून बघा. गोळी चावायची किंवा कुटायची नाही. नाडी शांत बसलेली असताना ५० च्या खाली आली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला अडवतं. तिने लघवी थोडी वाढते, पण खरा उपयोग हृदयात तंतुमय व्रण साठणं कमी होण्याचा. पुरुषांमध्ये हिच्यामुळे छाती दुखरी होते, स्तनांत गाठ लागते. अण्णा लाजेखातर सांगणार नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतील, म्हणून तुम्हीच किंवा आईंनी विचारा. असं झालं तर बदली म्हणून इप्लेरेनोन ही गोळी मिळते.

डापाग्लिफ्लोझिन म्हणजे अण्णांची 'साखरेची गोळी'. ती मुळात मधुमेहासाठी आली हे खरं, पण ती घेणाऱ्यांची हृदयं टिकतात असं दिसल्यावर तिची हार्ट फेल्युअरमध्ये वेगळी चाचणी झाली. २०१९ साली निकाल आला तेव्हा त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेह नव्हताच, आणि फायदा दोघांनाही सारखाच झाला. साखर नसलेल्या माणसाची साखर तिने धोकादायक पातळीला उतरत नाही. लघवीच्या तपासणीत मात्र साखर 'तीन प्लस' वगैरे येईल, कारण ही गोळी ती लघवीतून सोडते. लॅबवाल्याने घाबरवलं तर घाबरू नका. लघवीत साखर असल्याने गुप्तांगाला खाज, बुरशी होऊ शकते. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं ठेवलं की बहुतेकांचं निभावतं. कडक उपास असेल, जुलाब-उलट्या होत असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर ही गोळी आधी थांबवावी लागते, ऑपरेशनच्या तीन दिवस तरी आधी. अण्णा एकादशी निर्जळी करत असतील तर ते डॉक्टरांना सांगा.

टॉर्सेमाइड ही लघवीची गोळी. साठलेलं पाणी काढणं हे तिचं काम. धाप तिनेच सर्वांत लवकर कमी होते म्हणून माणसांना तीच 'खरी' गोळी वाटते. पण आयुष्य वाढवण्याचा पुरावा वरच्या चौघींचा आहे. अंगातलं पाणी गेल्यावर कमी होण्याची शक्यता असलेली पहिली गोळी हीच.

आता किडनीबद्दल, कारण शेजाऱ्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि ते अर्धवट पोचलं आहे. या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय हे सांगणारा रक्तातला आकडा, थोडं वाढतं. किडनीच्या गाळण्यांवरचा दाब उतरतो, त्याचा तो परिणाम आहे. आधीच्या आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, म्हणजे १.१ होतं ते १.४ पर्यंत गेलं, तर सहसा गोळ्या चालू ठेवून लक्ष ठेवतात. लांब पल्ल्यात डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी किडनीची झीज उलट सावकाश करते. खरी काळजी पोटॅशियमची करायची. व्हॅलसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही पोटॅशियम अंगात ठेवतात. ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं. ५.५ च्या वर गेलं तर डोस कमी करतात, ६ च्या वर गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी, मग महिन्याने आणि पुढे दर तीन-चार महिन्यांनी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम करायचं. ही तपासणी चुकवून गोळ्या घेत राहणं, हे मात्र शेजाऱ्यांना वाटतं तसं धोक्याचं आहे. रक्त काढताना अण्णांना मूठ सारखी उघडमीट करायला लावू नका. त्याने पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं.

याच कारणाने बाजारात मिळणारं 'लो सोडियम' मीठ घरात आणू नका. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीच्या साध्या पेशंटला ते बरं, अण्णांच्या गोळ्यांबरोबर नाही. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असतं. आजारी माणसाला भेटायला येणारे तेच घेऊन येतात. साधं मीठच वापरा, पण दिवसाला सगळं मिळून एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. यात आमटी-भाजीतलं धरून पापड, लोणचं, फरसाण, खारे दाणे, सुकट-बोंबील आणि पाव सगळं आलं. ताटात डावीकडे मीठ वाढणं बंद करा. ते नसलं की आठ-दहा दिवस जेवण अळणी लागतं, मग जिभेला सवय होते.

गुडघ्याच्या गोळीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब : ही सगळी औषधं किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात, लघवीच्या गोळीचा परिणाम मारतात आणि व्हॅलसार्टनच्या जोडीने किडनीवर खरोखर घाला घालतात. शेजारी ज्या किडनीची काळजी करतात, ती मेडिकलच्या काउंटरवरून सहज मिळणाऱ्या या पाकिटाने जाण्याची शक्यता जास्त. नीट चाललेला पेशंट पुन्हा पाणी भरून भरती होतो, त्यामागे कित्येकदा हीच गोळी असते. गुडघ्याला साधं पॅरासिटामॉल ५०० चालेल, पण पाण्यात फसफसणारं नको, त्यात सोडियम फार. ॲसिडिटीचं फसफसणारं चूर्णही त्याच कारणाने नको. सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन बीपी चढवतं.

आणि खोकल्याला ज्येष्ठमध. आपल्याकडे ते निरुपद्रवी समजतात, पण रोज चघळलं तर ते अल्डोस्टेरॉनसारखंच वागतं, मीठ धरतं आणि बीपी वाढवतं. वनस्पतीत औषधाचं बळ असतं हे आपल्याला नव्याने सांगायला नको, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेने बीपी उतरतं हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दाखवून दिलं आणि जगभर ती वापरली गेली. त्याच सर्पगंधेतल्या रेसर्पिनने काहींना खोल उदासी येते हेही पुढे कळलं. म्हणून काढा असो की चूर्ण, डॉक्टरांना दाखवूनच.

गोळ्यांनी चक्कर येत असेल तर? आधी बीपी नीट मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा एकदा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने पडला किंवा ९० च्या खाली गेला आणि चक्करही आली, तर डॉक्टरांना कळवा. बहुतेकदा गोळ्या सगळ्या एकदम घेतल्यामुळे असं होतं. त्या पांगवल्या की निभावतं : टॉर्सेमाइड आणि सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन सकाळी (तिची दुसरी गोळी संध्याकाळी), स्पायरोनोलॅक्टोन दुपारी जेवल्यावर, मेटोप्रोलॉल रात्री जेवणाबरोबर, असं काहीतरी. वाटणी डॉक्टरांना विचारून ठरवा. अण्णांनी मनाने एखादी गोळी गाळायची नाही, कारण ते नेमकी कामाची गाळतील. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी. दोन एकदम कधीच नाही.

घरात बीपीच्या मशिनपेक्षाही जास्त उपयोगी पडेल तो वजनकाटा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. सूज दिसायच्या आणि धाप लागायच्या आधी काटा सांगतो. जोडीला नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबा. खळगा राहिला तर पाणी साठतंय. एकाच्या दोन उशा लागायला लागल्या, हीसुद्धा तीच खूण. वेळीच फोन केला तर चार दिवस लघवीची गोळी वाढवून भागतं. बसल्या जागी धाप, गुलाबी फेसाळ थुंकी, शुद्ध हरपणं, यांपैकी काही झालं तर फोनची वाट न बघता १०८ लावा.

उलट जुलाब, उलट्या, कडक उन्हातला ताप अशा वेळी अंगातलं पाणी खरंच आटतं, आणि तेव्हा याच गोळ्या किडनीला जड जातात. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. मेटोप्रोलॉल सोडून बाकीच्या एक-दोन दिवस थांबवायला सांगतील.

पूर्ण डोस पोचल्यावर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा इको होईल. पंपिंग ३५ च्या वर गेलं नाही तर डॉक्टर आयसीडीबद्दल बोलतील, म्हणजे हृदयाची लय धोकादायक बिघडली तर आतून शॉक देऊन ती सावरणारं, छातीत बसवायचं छोटं मशिन. ४५-५० झालं, तेही अनेकांचं होतं, तर अण्णा म्हणतील, "आता तरी बंद?" हृदय असं सावरलेल्या ५१ जणांवर ब्रिटनमध्ये अभ्यास झाला. ज्यांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला. चालू ठेवलेल्यांपैकी त्या काळात कुणाचाही नाही. तेव्हा बंद नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर या औषधांच्या जेनेरिक गोळ्या मिळतात, जनऔषधी केंद्रात विचारा.

राहिलं लग्न. खुशाल जाऊ द्या त्यांना. टॉर्सेमाइड घेतल्यावर तासाभरात लघवी सुरू होते, पहिले दोन-तीन तास जोर असतो आणि सहा-आठ तासांत ओसरतो. गाडी सकाळी सातची असेल तर गोळी चुकवायची नाही, पुढे ढकलायची : सोलापूरला पोचून, दुपारी दोनच्या सुमारास घ्यायची. चारनंतर नको, नाहीतर रात्रभर उठावं लागेल. बाकीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी. एक दिवस जास्तीच्या गोळ्या आणि डॉक्टरांचा कागद खिशातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको. पंगतीत पापड-लोणचं बाजूला आणि मठ्ठा एकच वाटी. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, काट्यावर उभं करा.